टिटवीच्या डोळ्यापुढचा लाल ठिपका

द्वारका चौकातील वाहनांचा घोष भर दुपारीही मंदावत नाही. मंदावतात ती माणसे. दोन हजार तीन सालच्या पौषातील अशाच एका दुपारी, यादवकाकांच्या टी-शर्ट छापण्याच्या दुकानात हर्षाली आतल्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा कोऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर एक अनोळखी तरुण गाढ झोपला होता. त्याच्या बाह्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. आणि तिला नेमका तोच गठ्ठा हवा होता.

“अहो... उठता का? तुमच्या उशीवर मला छपाई करायची आहे.”

तो दचकून उठला. “माफ करा, मॅडम. पहाटेपासून फुलबाजारात उभा हाय. डोळा कधी लागला, कळलंच नाय.”

“मॅडम नका म्हणू. मी हर्षाली. इथली चित्रं मीच काढते.”

“मी जीवन. देवळाली कॅम्पाकडं फुलांचा मळा हाय आमचा. संध्याकाळी फुटबॉल खेळतो — गोलकीपर. आमच्या टीमचे शर्ट छापायचेत. वाघ काढा एखादा.”

हर्षालीने डोळे मिटले. प्रत्येक संघास वाघच हवा असे. वाघ नसला, तर परदेशी मासिकातली कवटी. स्वतःच्या मनातले चित्र तिने कित्येक दिवसांत रेखाटले नव्हते. हात थकले होते, आणि हातांहून मन अधिक. होळी झाली की सिन्नरच्या एका कारखान्यात कचेरीतली नोकरी धरायची, असे तिने घरी कबूलही केले होते.

“वाघालासुद्धा कंटाळा आला असेल हो आता.”

तो हसला. “मग ज्याचा तुम्हाला कंटाळा नाय, ते काढा.”

असे तिला आजवर कोणी म्हटले नव्हते. तिने विचारले, “तुमच्या मैदानावर काय असतं?”

“धूळ. आन् टिटव्या. गोलजवळच अंडी घालतात. बॉल गेला की अंगावर धावून येतात. मी पण तिथंच उभा, त्या पण तिथंच!”

संस्कृतात जिला टिट्टिभी म्हणतात, त्या पक्षिणीचे चित्र हर्षालीने काढले — उघड्या भूमीवर अंडी घालूनही जागा न सोडणारी, पंख उभारलेली. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळीची चौकट लागते, आणि ठरले होते दोनच रंग. टिटवीच्या डोळ्यापुढचा लाल ठिपका मात्र तिला सोडवेना. तो तिने प्रत्येक शर्टावर कुंचल्याने स्वहस्ते भरला, आणि रंग पक्का व्हावा म्हणून आतून इस्त्री फिरवली. शेवटचा शर्ट गोलकीपरचा. तोवर ती इतकी दमली होती, की त्यावर इस्त्री फिरवायचे राहूनच गेले.

पुढच्या शनिवारी जीवन दारात उभा. “सगळ्यांचा ठिपका जागेवर, माझाच धुण्यात गेला! टिटवीची माझ्यावर खुन्नस हाय का चित्रकाराची?”

“टिटवीचीच असेल,” हर्षाली म्हणाली आणि इस्त्री राहिल्याचे आठवून लाजली. “बसा. भरून देते.”

रंग वाळेपर्यंत दोघे गठ्ठ्यावर बसून राहिले. बोलण्याचे त्राण दोघांतही नव्हते, आणि न बोलण्याचा संकोचही वाटेना. त्याने आणलेल्या शेवंतीचा मंद गंध खोलीत दरवळत होता. इस्त्री समोरच होती... हर्षालीने ती उचलली नाही. या वेळी ती विसरली नव्हती.

मग दर शनिवारी ठिपका जाई आणि जीवन येई.

“आमच्या विहिरीचं पाणीच तसलं.”

“पाण्याला कशाला दोष? उड्या जरा कमी मारा.”

“मग गोल कोण अडवणार? तुम्ही?”

होळीच्या आधीचा शनिवार आला. ठिपका भरून झाला, तरी जीवन उठेना. “काका म्हणत होते, आता तुम्ही नोकरीला सिन्नरला जाणार... मग हे कोण भरणार?”

हर्षालीने कुंचला खाली ठेवला. “आतून इस्त्री फिरवली असती, तर रंग कधीच गेला नसता. पहिल्यांदा मी विसरले. नंतर — विसरले नव्हते.”

जीवनने शर्टाची बाही सरळ केली. “यादवकाकांनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं मला. आमच्या घरी पण इस्त्री हाय.”

“मग?”

“मग काय... नाय फिरवली.”

आतून यादवकाका खाकरले. “तापत ठेवू का रे इस्त्री? का अजून एक सीझन थांबताय?”

हर्षालीने शर्ट उलटा केला. जीवनने कापडाचे काठ ताणून धरले, आणि तिने सावकाश इस्त्री फिरवली. “आता नाही जायचा रंग.”

“आन् मी? मी कुठल्या कारणानं येऊ?”

“तू नुसता ये. सिन्नरला नाही जात मी.” ओठांवर आलेले ते एकवचन तिने मागे घेतले नाही. “नाहीतर... रविवारी मीच मैदानावर येईन. उडणारी टिटवी काढायची राहिलीय.”

“ये. अंगावर धावली तर माझ्या मागं उभी रहा.”

उबदार शर्ट मांडीवर घेऊन तो गठ्ठ्यावर बसला. ती शेजारी टेकली. चौकातील घोष तसाच होता. थोड्या वेळाने यादवकाका बाहेर आले, तेव्हा जीवनने ओठांवर बोट ठेवले.

“काका, शर्ट पाहिजेत तर दुसरा गठ्ठा घ्या,” तो पुटपुटला.

या वेळी डोळा हर्षालीचा लागला होता.