पेडलवरचा पाय

ब्रेक लाईटची काच बदलणं म्हणजे तसं दहा मिनिटांचं काम. चार स्क्रू काढायचे, जुनी काच उचलायची, आतली धूळ पुसायची, नवी बसवायची. मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, तेवीस वर्षं झाली, अशा काचा किती बदलल्या असतील देव जाणे. तुम्ही विचारलंत की मी घरगाडीचं काम का घेत नाही, म्हणून सांगतो. नाहीतर हे मी कुणापाशी बोलत नाही.

काच एकटा माणूस बदलू शकतो, पण चाचणीला दोघं लागतात. एकाने पुढे बसून ब्रेकचं पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून लाईट बघायचा. मागचा म्हणतो, 'दाब.' पुढचा दाबतो. मागचा नीट बघतो, होल्डर हलवून बघतो, आणि समाधान झालं की म्हणतो, 'सोड.' तोपर्यंत पुढच्याने पाय उचलायचा नाही, मग मुंग्या येवोत नाहीतर आभाळ कोसळो. हा नियम दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. दुकान त्यानेच सुरू केलं, मी मागून आलो. 'पाय पुढे, डोळे मागे,' असं तो म्हणायचा. गुडघ्यांमुळे त्याला उकिडवं बसवत नसे, म्हणून पुढे बसायचं काम कायम त्याचं. मला तो 'धाकट्या' म्हणायचा, माझी चाळिशी उलटली तरी.

तीन वर्षांपूर्वी एक घरगाडी आली. आत दोन पलंग, छोटा ओटा, सिंक, खिडक्यांना पडदे, चाकांवरचा संसार सगळा. डाव्या बाजूची ब्रेक लाईटची काच उन्हाने पार विटून गेली होती. लाल म्हणावं तर लाल नाही, पांढरी म्हणावं तर पांढरी नाही. मालक गाडी सोडून गावात कामाला गेला. मी काच बदलली, दादा पुढे जाऊन बसला. सकाळपासून तो डावा खांदा चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, उशी बदलली पाहिजे.

मी म्हटलं, दाब. लाईट लागला, झकास लाल. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुटे भाग पाठवणारा होता, त्याने लागोपाठ तिसऱ्यांदा चुकीचा माल पाठवला होता. माझ्या नाकावर राग कायम बसलेला, तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. मध्येच पुढून दादाचा आवाज आला, "धाकट्या, सोडू का रे?" मी फोनवर हात ठेवून ओरडलो, "थांब जरा."

वीस मिनिटं भांडलो मी. खोटं नाही सांगत, मधून दोनदा लाईटकडे बघितलं. चालू होता. मला वाटलं, लाईट चालू आहे म्हणजे दादा ठीक आहे. आमच्या धंद्यातला माणूस दुसरं काय समजणार? फोन ठेवून मी पुढे गेलो तर दादाची हनुवटी छातीवर टेकलेली, आणि पाय पेडलवर तसाच. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. समोरच्या दुकानातल्या सीट शिवणाऱ्याने दादाचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला, तेव्हा मागे लाईट विझला. मी 'सोड' म्हटलंच नव्हतं. म्हणायचं राहून गेलं हेसुद्धा मला तेरावा-चौदावा दिवस उजाडल्यावर कळलं.

वहिनीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी एका दुपारी, आभाळ भरून आलेलं, चारचा सुमार, तीच घरगाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. रंग बदलला होता, मालक बदलला होता, पण मी ती गाडी अंधारातही ओळखली असती. नवे मालक म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. राहतं घर विकून दोघं गाडीतच राहत होते आणि वाटेल तिथे हिंडत होते. दिव्याच्या आत आमच्या दुकानाचं लेबल सापडलं, म्हणून शोधत आले होते. आमच्या घरी काय झालं त्याचा त्यांना पत्ता नव्हता आणि मीही सांगितलं नाही.

डावी काच पुन्हा विटली होती. मी लावलेली. अशी काच दहा वर्षं रंग सोडत नाही, आणि ही दोन वर्षांत पार धुतल्यासारखी झाली होती.

मास्तर म्हणाले, विटेल नाही तर काय, लाईट सारखा चालूच असतो. चालवताना सगळं ठीक. पण गाडी उभी केली, ते सीटवरून उठले, की पेडल आपोआप खाली जातं आणि लाईट लागतो. दिवसरात्र. तीन मिस्त्र्यांना दाखवलं, कुणाला काही सापडलं नाही. मग उलट कौतुकाने म्हणाले, एक फायदा मात्र आहे, हँडब्रेकची केबल तुटून वर्ष झालं तरी अडलं नाही. कसल्याही उतारावर लावा, गाडी तसूभर हलत नाही.

 माणूस हाताशी काम असलं की कामच करतो. मी पुढे जाऊन वाकलो, पेडलजवळचा स्विच वायरीतून सोडवून हातात घेतला. लाईट विझायला हवा होता... विझला नाही. पेडल खाली गेलेलं होतं. मी बोटं घालून ते वर ओढायला गेलो तर येईना. आणि पेडलचं रबर गरम होतं, नुकतीच चप्पल काढावी तसं. सीटला वास येत होता. दादा खांद्याला लावायचा त्या मलमाचा.

मी मागे आलो. नवी काच बसवली. चारही स्क्रू आवळले. बाई आत पलंगावर झोपल्या होत्या, मास्तर दुकानात वर्तमानपत्र वाचत बसले होते. गाडी उताराकडे तोंड करून उभी. आमचा रस्ता उतरतो तो थेट चौकात, आणि त्या वेळी चौकात ट्रकांची रांग असते. चाकांना दगड लावायला हवे होते. मी कधी विसरत नाही. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या मनात एकच होतं, की दोन वर्षं झाली, हा माणूस माझ्या एका शब्दासाठी बसून आहे.

काचेला हात लावून मी हळूच म्हटलं, "दादा... झालं रे. सोड."

लाईट विझला.

क्षणभर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग माझ्या हाताखालची काच माझ्यापासून लांब जायला लागली. आधी बोटभर, मग हातभर. गाडी निघाली होती.

मी धावलो. बाजूच्या दाराला आतून कडी. खिडकीच्या काचेवर मुठी मारल्या, आत बाई गाढ झोपलेल्या, पडद्यातून त्यांचा पाय दिसत होता. पुढचं दार गाठेपर्यंत गाडीने वेग धरला. माझ्या बोटांना हँडल नुसतं लागलं आणि सुटलं. मास्तर दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले होते. चौक पन्नास पावलांवर आला होता, एक ट्रक वळत होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून जीव खाऊन ओरडलो, "दाब! दादा, दाब!"

लाईट लागला. नवी कोरी काच, लालभडक. गाडी जागच्या जागी थांबली. आत भांडी कोसळल्याचा आवाज झाला, आणि बाई डोळे चोळत खिडकीशी आल्या, काय झालं विचारत.

मास्तरांची बोबडी वळली होती, पण सावरल्यावर तेच मला म्हणाले, बघा, सांगितलं नव्हतं, गाडी कुठे जात नाही. मी रस्त्यातच बसलो. त्यांना वाटलं मी घाबरलोय. मी घाबरलो होतोच, पण मला रडू येत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुटला होता बिचारा. अर्धं मिनिट तरी सुटला होता, आणि मीच त्याला पुन्हा तिथे बसवला.

तुम्ही म्हणाल, मग हँडब्रेक नीट करायचा, दगड लावायचे, आणि पुन्हा सोड म्हणायचं. तेच मी रात्रंदिवस म्हणत होतो. पण त्या दिवशी मास्तर थांबले नाहीत, बाईंना हुडहुडी भरली होती. त्यांचा फोन नंबरही मी घेतला नव्हता. आठ महिने मी रस्त्याकडे डोळे लावून बसलो. एखादी मोठी गाडी चढ चढायला लागली की हातातलं काम टाकून बाहेर यायचो. वहिनीला वाटायचं, माझं काहीतरी बिनसलंय.

गेल्या महिन्यात ते आले. काच पुन्हा विटलेली, या वेळी आठच महिन्यांत. मी आधी चारही चाकांना दगड लावले, ते कमी वाटले म्हणून विटा लावल्या. हँडब्रेकची नवी केबल घातली, तीनदा ओढून बघितली. मास्तर म्हणाले, कशाला एवढं, मला तर ओढायची सवयही राहिली नाही. मी काच बदलली. बाई आत झोपल्या होत्या. मग मास्तरांना काहीतरी आणायला पाठवून दिलं आणि मागे जाऊन उभा राहिलो.

"दादा, सोड."

लाईट चालूच.

"सोड रे. खरंच सोड. दगड लावलेत... सगळं बघितलंय मी."

किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. घसा बसला. पुढे गेलो, सीटच्या शेजारी गुडघे टेकून पेडलशी तोंड नेऊन म्हटलं. पेडल तसूभर वर आलं नाही. मी त्याला एकदा चुकीच्या वेळी सोडायला लावलं होतं, आता तो माझं ऐकत नव्हता, असंच मला तेव्हा वाटलं.

मागे पलंगाजवळचा पडदा सरकला. बाई उठल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांना माझी दया आली असावी. कुणाशी बोलताय, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, वायरिंगशी, जुनी खोड आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, यांनाही तशीच खोड लागलीये, हल्ली झोपेत बोलतात.

"काय बोलतात?" मी विचारलं.

"दुपारी जरा माझा डोळा लागला की पुढून हळूच विचारतात, 'धाकट्या, सोडू का रे?' आता आमच्यात धाकट्या कोण, ते मलाही ठाऊक नाही..."

 मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी काय, झोपेतच असते. म्हणते, थांब जरा."

मला त्यांच्या पाया पडून सांगायचं होतं, की असं म्हणू नका, पुढच्या वेळी सोड म्हणा. आत्ता म्हणून उपयोग नव्हता, तो विचारेल तेव्हाच ऐकेल. पण त्या ते कधी म्हणतील, कुठल्या दुपारी, आणि तेव्हा गाडी कुठल्या डोंगराच्या उतारावर उभी असेल, हँडब्रेक न ओढता? त्या आणि मास्तर आत झोपलेले असतील. मी तोंड मिटून घेतलं. विटा काढल्या, दगड काढले, हँडब्रेक ओढत जा एवढं मास्तरांना चारदा बजावलं. ते हो हो म्हणाले, माझ्यासारख्या माणसाला म्हणतात तसं.

गाडी निघण्याआधी मी एकदा मागे जाऊन उभा राहिलो. मास्तर अजून चढले नव्हते, लाईट चालू होता. पण या खेपेला तो स्थिर नव्हता. लाल उजेड बारीक बारीक थरथरत होता, कमी व्हायचा, पुन्हा चढायचा. मी होल्डर हलवला, बल्ब घट्ट केला, वायर तपासली. कशात काही दोष नव्हता.

फार वेळ पेडल दाबून बसावं लागलं की दादाचा पाय असाच थरथरायचा. मग मी 'सोड' म्हणायचो.