लीलाकाकूंचं तिसरं मडकं

“आज क्रिकेट बंद. आज पहारा!” यशश्रीने फर्मान काढलं.

“एवढ्या लूमध्ये, या गरम झळांत? मर जाएंगे, यार!” अंशुल लीलाकाकूंच्या ओट्याच्या कडेला धपकन बसला.

“तुझ्याच बॉलने मडकी फुटली म्हणून मुकुंदकाका सांगत सुटलेत. बस आता उन्हात!”

खासगी बाजार मोहल्ल्यात राहणाऱ्या लीलाकाकूंचं, मुकुंदकाकांच्या बायकोचं, वैशाखाचं व्रत होतं. ओट्यावर पाण्याचं मडकं ठेवायचं, वाटसरूंनी ते रिकामं केलं की मगच जेवायचं. पण दोन मडकी भरदुपारी फुटली आणि काकू दोन्ही दिवस उपाशी राहिल्या. सकाळी तिसरं मांडताना त्या थकून म्हणाल्या होत्या, “हेही फुटलं तर देवाला माझी सेवा नकोय, बाळांनो. व्रत सोडेन मी.” यशश्रीला गलबलून आलं होतं.

रस्ता ओस पडला होता. दोघांचे डोळे मिटू लागले. तेवढ्यात गेलेली लाइट आली आणि शेजारची आटाचक्की, पिठाची गिरणी, घरघरू लागली. ओटा थरथरला.

“यश, मडकं सरकलं!” अंशुल ओरडला.

“ऊन लागलंय तुला.”

तरी तिने भिंतीवर स्टंप आखायच्या खडूने मडक्याखालच्या स्टीलच्या कड्यापुढे रेघ मारली. पाहता पाहता कडं रेघेवर चढलं! ना बॉल, ना कुणाचा हात!

तिने फरशी चाचपली. गुळगुळीत, मडक्याच्या पाझराने ओली, रस्त्याकडे उतरती. मुकुंदकाकांनी नुकतीच बसवलेली.

“पूर्वी मडक्याखाली काय असायचं रे?”

“काकूंच्या जुन्या लुगड्याची चुंबळ. नव्या फरशीवर शोभत नाही म्हणून काकांनी फेकली आणि हे कडं आणलं.”

“म्हणजे वजन उताराकडे ओढतंय, ओल्या फरशीवर कड्याची पकड नाही, आणि चक्कीच्या हादऱ्याने उरलीसुरली सुटते. घर्षण कमी! परीक्षेत होतं ना?”

“होतं. माझं चुकलं होतं.”

“अंशुल, पकड!”

मडकं कडेवरून कललं. अंशुलने झेप घेऊन त्याला मिठीच मारली!

“सापडला चोर!” मुकुंदकाका दारातून गरजले.

“काका, ओरडू नका. नुसतं बघा,” यशश्री दमल्या आवाजात म्हणाली. तिने मडकं पुन्हा कड्यावर ठेवलं. ते आपोआप बोटभर सरकलं. काकांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि स्वतःच्या जुन्या धोतराची चुंबळ वळून घेऊन आले.

चक्की घरघरत राहिली. मडकं हललं नाही!

“पोराला उगीच बोल लावला मी. शाब्बास रे दोघांची!” काका पुटपुटले.

उन्हं कलली, वाटसरू येत गेले. तळाचा शेवटचा पेला लीलाकाकूंनी अंशुलच्या हाती दिला.

“पी बाळा,” त्या हसल्या. “मला भूक लागलीय.”