गिळू नका

सोनोग्राफीच्या खोलीत बरोबरच्या माणसांना सोडत नाहीत. नवरा बाहेर बाकावर बसला. पण ठमीने दाराशी असं भोकाड पसरलं की डॉक्टरबाईच म्हणाल्या, "येऊ दे तिला. स्टुलावर बसायचं हं, हलायचं नाही."

ठमी माझी चार वर्षांची लेक. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ती कोपऱ्यात जाऊन बसली.

मी आडवी झाले. खांद्यांखाली उशी, डोकं मागे लोंबतं. कापायला काढलेल्या कोंबडीसारखं वाटतं. मान वळवायची नाही, बोलायचं नाही. दिसतं ते फक्त छत, आणि पेशंटसाठी वर टांगलेला स्क्रीन.

सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या सेंटरमध्ये माझ्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत उजवीकडे गाठ सापडली होती. चौदा मिलिमीटर. आकार, कडा, रंग, आतले पांढरे ठिपके, सगळ्याचे गुण देतात. जन्मभर गुणांसाठी मर मर अभ्यास केला; इथे मात्र जितके कमी तितकं बरं. मला चार मिळाले होते. पंधरा मिलिमीटर झाली की सुई घालून कॅन्सर आहे का ते बघायचं, असं ठरलं होतं. एका मिलिमीटरवर जीव टांगणीला लागला होता. रोज दात घासताना मी ती बोटाने चाचपायची, आणि दाराआडून ठमी बघत असायची.

जेलची बाटली पिळल्याचा आवाज आला. मला काही जाणवलं नाही.

"गार!" कोपऱ्यातून ठमी म्हणाली. पाणी पीत असेल.

स्क्रीनवर करड्या रंगाचं चित्र उमटलं.

"आवंढा गिळा," डॉक्टरबाई म्हणाल्या. गिळताना ग्रंथी वर सरकते, मग तिची खालची कड दिसते.

मी गिळला. चित्र हललं नाही.

"गिळा हो."

तोंडाला कोरड पडली होती, तरी गिळला. चित्र तसंच.

कोपऱ्यात बाटलीचं झाकण उघडलं. गटक. चित्र वर सरकलं आणि खाली आलं.

"हं, आता कसं! आता गिळू नका, माप घेते."

गटक. चित्र पुन्हा वर.

"अहो, गिळू नका म्हटलं ना!"

"मी नाही... ठमे, पाणी ठेव बघू खाली."

"बोलू नका!"

झाकण लागल्याचा आवाज आला. चित्र स्थिर झालं.

"ग्रंथीचा उजवा भाग, सत्तावीस मिलिमीटर."

शेजारी रिपोर्ट टाइप करणारी मुलगी थांबली. "सत्तावीस? मागच्या रिपोर्टात अठ्ठेचाळीस आहे, मॅडम."

"दिसतंय ते लिही."

सत्तावीस. एवढी लहान ग्रंथी कुणाची असते?

मला मान वळवायची होती. डॉक्टरबाईंनी हनुवटी धरून ठेवली होती.

"गाठ?" मी विचारलं.

"गाठच नाही. मागच्यांनी काहीतरी घोळ घातलाय. एक ठिपका आहे बारीकसा, दोन मिलिमीटर. एवढ्याला काही करायचं नसतं. वर्षाने दाखवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उठून बसले, सवयीने हात गळ्याकडे गेला.

गाठ जिथल्या तिथे होती.

"डॉक्टर, अजून लागतेय हो हाताला. एकदा परत बघता?"

"मनात बसलं की लागतंच हाताला. रिपोर्ट स्वच्छ आहे, बाई. घरी जा, मस्त ताणून द्या."

छापलेला कागद हातात आला. वर माझं नाव, माझं वय. हा कागद बघितल्यावर आता कोण सुई घालणार होतं? दाराच्या काचेतून नवऱ्याने अंगठा वर करून 'काय?' असं विचारलं. टाइप करणाऱ्या मुलीने माझ्या वतीने हसून मान डोलावली.

मी टिश्यू घेऊन गळा पुसला. टिश्यू कोरडा निघाला. दुसरा घेतला. तोही कोरडा.

"पुढच्या वेळी हिलाही आणा," डॉक्टरबाई हात पुसत म्हणाल्या. "गुणाची पोर. अजिबात हलली नाही."

ठमी स्टुलावरून उतरून माझ्यासमोर उभी राहिली. तोंड पुसून घेताना करायला मी शिकवलं होतं तशी तिने हनुवटी वर केली.

"आई, पूस ना."

तिच्या गळ्यावर, उजव्या बाजूला, जेल चकाकत होतं.