चोवीस एकादश्यांची फाइल

या, अशा जवळ सरकून बसा. गोष्ट सांगते पिंपळीच्या उत्कर्षाची. कानाला गोड लागेल, आणि मनाला तर लागेलच लागेल.

उत्कर्षानं जुन्या कॉम्प्युटरचा सीपीयू वडिलांच्या उपरण्यात गुंडाळला आणि स्कूटीवरून बारामतीला दुरुस्तीच्या दुकानात आणला. दुकानदार राजवर्धन जेवायला गेला होता. खुर्चीत बसला होता त्याचा मित्र अविराज. लोणी देवकरच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा. सुट्टी म्हणून सहज आलेला.

“पेशंटला थंडी वाजतीय व्हय?” उपरण्याकडं बघत त्यानं विचारलं.

“चेष्टा नंतर करा. सुरू होतोय अन् अडकतोय. उद्या आबांचं वर्षश्राद्ध हाय. त्यांचं कीर्तन देवळात पडद्यावर लावायचंय, अन् ते ह्यातच हाय… दुसरीकडं कुठंच न्हाय.”

आबा म्हणजे उत्कर्षाचे वडील सावळारामबुवा, पंचक्रोशीतले कीर्तनकार. त्यांचं शेवटचं कीर्तन उत्कर्षाच्या भावानं, दादासोनं, मोबाइलवर टिपून ह्या कॉम्प्युटरात उतरवलं होतं; मोबाइलवरचं पुढं पुसलं गेलं. आबांचा तेवढाच आवाज मागं उरला होता.

खटपट करून अविराजनं मशीन जागं केलं. सी ड्राइव्ह गच्च, पट्टी लालभडक. शेजारची डी ड्राइव्ह मात्र रिकामी!

“माजघरात पाय ठेवायला जागा न्हाय, आन पलीकडची खोली मोकळी!” त्यानं कचरापेटी रिकामी केली, अपडेटनं मागं टाकलेल्या फाइली काढल्या. पट्टी जराशी सरकली, पण लाल ती लालच. मग त्यानं डेस्कटॉप उघडला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“एकच कीर्तन… चोवीस वेळा?”

उत्कर्षा लाजली. “हरवू नये म्हणून. दर एकादशीला आंघोळ करून एक प्रत करते.”

“त्याच ड्राइव्हवर? अवो, एकाच डब्यात चोवीस लाडू! डबाच हरवला मंग?”

ती हसली नाही. मग तोही हसायचा थांबला, आणि तिच्याकडं नीट बघत राहिला.

तेवढ्यात राजवर्धन आला. “सगळ्या सारख्याच की! एक ठेव, बाकी उडव. पाच मिनटांचं काम.”

उत्कर्षानं टेबलाची कड घट्ट धरली. अविराजनं माउसवरचा हात उचलला.

“न्हाय. ह्यांनी चोवीस एकादश्या केल्यात. मला एक दुपार जड न्हाय.”

एकेक फाइल उघडायची, सुरुवात बघायची, शेवट बघायचा. म्हातारं मशीन प्रत्येकीला दमत होतं. तेवीस निघाल्या सारख्या. पहिली मात्र… सात मिनिटांनी मोठी!

“ह्यात काय जास्त हाय?”

“ठाऊक न्हाय. दादानं नंतर सुरुवात कापली. नुसती माइकची खटपट हाय, म्हनला. ही प्रत त्याच्या आधीची… तवा ऐकायचा धीर नव्हता.”

त्यानं फाइल लावली. मृदंगावर थाप, माइकची शिट्टी… आणि आबा!

“उत्कर्षा कुठं हाय?”

“मागं बसलीय, बुवा.”

“थांबा मंग. तिला म्होरं बसवा. तिची मान डोलली की मला कळतंय, पांडुरंगापतुर पोचलं.”

त्या दिवशी तिला पुढं बोलावलं होतं खरं; तिला वाटलं होतं, मागं जागा करायची असेल. आबांनी जन्मात कधी शाबासकी दिली नव्हती.

तिचे डोळे वाहू लागले. अविराजनं स्क्रीन हळूच तिच्याकडं वळवली आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

मग ती फाइल डी ड्राइव्हवर गेली, पेनड्राइव्हवर गेली, दादासोच्या मोबाइलवरही गेली. बाकीच्या काढल्या. पट्टी निळी झाली.

“उद्या… येऊ का?” त्यानं विचारलं.

“कीर्तनाला?”

“व्हय. म्हंजे, त्याला पण.”

“आन दुसरं कशाला?”

तो अडखळला. “तुमी परत दिसाव्यात… म्हणून.”

उत्कर्षानं स्कूटीची किल्ली बोटाभोवती फिरवली. “सातला सुरू हुतंय. पण आईनं गाव-आडनाव इचारलं, तर पळायचं न्हाय.”

“पळत न्हाय. रविवारी माझ्याच आईला घेऊन येतो. इचारू द्या दोघींना एकमेकींना, काय इचारायचं ते!”

रविवारी अविराजच्या आई, साखरबाई, पिंपळीला आल्या. चहा तीनदा झाला, तेव्हाच गावानं ओळखलं.

आता माझं एवढं ऐका. कुठंही कीर्तनाला बसलात, आणि टाळ जुळेपर्यंत बुवा नुसते उभे असले, की तेवढ्यात लेक म्होरं येईपर्यंत कीर्तन थांबवणाऱ्या सावळारामबुवांची आठवण काढा.