दुसऱ्या कडव्याखालची मोटार

दिंद्रुडची लाईट अकराला गेली, तशी दीपमाला गिरणीच्या उंबऱ्यात येऊन बसली. डोक्याचा रुमाल सोडला, भुवयांवरचं पीठ पुसलं. मोटार बंद पडली की तिला गल्ली एकदम मोठी वाटायची. एरवी दिवसभर दाबून राहिलेले आवाज हळूहळू वर यायचे. कोणाची तरी चूळ, कोणाची शेळी, लांबवर ट्रॅक्टर.

शेजारी गुफरानचं पंक्चरचं दुकान. त्याच्या बाकड्यावर एकजण मोटारसायकलचं चाक पायाशी घेऊन बसला होता. लाईट आल्याशिवाय हवा भरता येणार नव्हती, म्हणून बसला होता. फोनवर त्यानं गाणं लावलं होतं.

गाणं ‘डांबर’ होतं.

दीपमालानं कान टवकारले. ‘बिनतारी’ हा बँड ऐकलेला माणूस आख्ख्या तालुक्यात तिला भेटला नव्हता. तीस वर्षांपूर्वी मराठीत रॉक गाणारी ही पाच पोरं अंबाजोगाईच्या मैदानावर लागोपाठ दोन संध्याकाळी वाजवून गेली, आणि तिथंच बँड मोडला. त्या कार्यक्रमाची पुढं कॅसेट निघाली, तिच्यात ‘डांबर’ अर्ध्यातच संपतं. मग सीडी निघाली, तिच्यातून ते गाणंच गाळलेलं. आणि गेल्या वर्षी ‘गोदाकाठ’ नावाच्या कोणीतरी बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर पूर्ण गाणं टाकलं. ग्रुपवरची त्रेसष्ट माणसं आनंदानं नाचली. एकट्या दीपमालानं, ‘गिरणीवाली’ ह्या आपल्या ग्रुपवरच्या नावानं, लिहिलं, ‘पूर्ण न्हाई. दुसऱ्या कडव्याखाली मोटार वाजती. पहिल्यात न्हाई, तिसऱ्यात न्हाई. हे कडवं दुसरीकडून आणून जोडलंय.’ तेव्हापासून ग्रुपवर दोन तट पडले होते.

फोनवरचं पहिलं कडवं संपलं. गिटार घुमली, आणि आता दुसरं यायला हवं...

आलंच नाही. गायक गप्प. नुसता ड्रम वाजतोय. मग हशा. मग गर्दीतून एका बाईचा एकटा, कापरा आवाज — ‘बाप म्हणाला, जाऊ नको रं...’

दीपमाला ताडकन उठली. “अहो! हे कुठून आणलं तुमी?”

त्यानं दचकून फोन बंद केला. “काय?”

“हे. हे कोणाकडंच न्हाई.”

“साधं गाणं हाय ओ...”

“साधं? मोटार कुठं गेली ह्यातली?”

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. पिठानं माखलेले हात, मागं गिरणी... आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. “तुमी... गिरणीवाली? मला वाटायचं, ग्रुपवर कोणीतरी गमतीनं नाव घेतलंय.”

“गंमत कशाची? वडलांची गिरणी, मी चालवते. आणि तुमी — ‘गोदाकाठ’?”

“जीवन. गेवराईचा. लग्नाकार्यात साउंड लावतो.” तो कान पकडून म्हणाला, “वर्षभर लई बोलणी खाल्ली तुमची.”

“चुकीचं बोलले का?”

“न्हाई. बराबर बोललात, तेच वाईट वाटलं.”

तिला हसू आलं. ते लपवायला ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पाणी पिऊन जीवननं खरं ते सांगितलं. ‘बिनतारी’चा गायक धोंडीराम म्हणजे त्याचा सख्खा मामा. दुसऱ्या संध्याकाळी भर गाण्यात त्याला शब्द आठवेनात. लोक हसले. मामा गिटार खाली ठेवून स्टेजवरून उतरला, तो पुन्हा कधी गायला नाही. आता गेवराईजवळ मोसंबीची बाग करतो. त्या वेळी साउंड लावणाऱ्या पाशाभाईंनी दोन्ही दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं होतं, ते जीवनला दिलं. पहिल्या दिवशी लाईट नव्हती, जनरेटर चालू होता; दीपमालाला ऐकू आलेली मोटार ती हीच. त्या दिवशीचं कडवं उचलून त्यानं दुसऱ्या दिवशीच्या गाण्यात बसवलं.

“मामाला शब्द दिलाय. ती फजिती कुणाच्या कानावर जाऊ देणार न्हाई म्हणून.” तो अडखळला. “तुमी... ग्रुपवर सांगणार का?”

वर्षभर जे सिद्ध करायला ती धडपडत होती, ते तिच्या उंबऱ्यापाशी चालत आलं होतं.

“आधी पुरतं ऐकवा,” ती म्हणाली.

त्यानं आपला मोठा हेडफोन काढून दिला. तिनं हात पदराला पुसले, डोळे मिटले. त्या बाईचा आवाज, मागून दुसरा, मग चार, मग सगळं मैदान — ‘आई म्हणाली, शिदोरी घे!’ आदल्या दिवशी एकदा ऐकलेलं कडवं लोकांनी पाठ केलं होतं. तिनं डोळे उघडले, तर जीवन तिच्याकडंच बघत होता. त्यानं घाईनं चाकाकडं नजर वळवली.

“मामांनी ऐकलंय हे?”

“छे. नाव काढलं तरी उठून जातो.”

लाईट आली. गुफराननं हवा भरली. गिरणीत दळणं घेऊन बायका आल्या, आणि दोघांचं बोलणं अर्धंच राहिलं. जाताना जीवन तिचा नंबर तेवढा घेऊन गेला.

त्या संध्याकाळी ग्रुपवर कोणीतरी तिला डिवचलं, ‘काय गिरणीवाले, पुरावा कधी?’ दीपमालानं तीनदा लिहून खोडलं. शेवटी धाडलं, ‘जोड हाय. कशापायी हाय तेबी कळलं. पण सांगणार न्हाई.’ लोकांनी तिला खोटारडी ठरवली. जे काल तिच्या बाजूनं भांडत होते, तेच आज चेष्टा करू लागले. ती निमूट वाचत राहिली. तिला वाईट वाटलं, पण लिहिलेलं तिनं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला.

“लाईट गेली असंल ना आता?” जीवनचा आवाज.

“तुमाला कसं ठाऊक?”

“दिंद्रुडचं वेळापत्रक काढलंय.” मग म्हणाला, “माझ्यापायी ऐकून घेतलंत.”

“तुमच्यापायी न्हाई. मामांपायी.”

“थोडंबी माझ्यापायी न्हाई?”

“...थोडं असंल.”

मग रोज अकराला फोन येऊ लागला. कॅसेट बरी की सीडी, ह्यावर ते भांडायचे. सीडीवाल्यांनी लोकांच्या टाळ्या कापून गाण्याचा जीव घेतला, असं तिचं म्हणणं. टाळ्या काय, लग्नातबी मिळतात, असं त्याचं. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. बारा दिवसांनी मात्र ती म्हणाली, “जीवन, एक बोलू? तू मामाची फजिती झाकत न्हाईस. त्यांच्यासाठी लोक गायले, ते झाकतोस.”

जीवनचा आवाज चढला.

“तुला काय जातं बोलायला. शब्द मी दिलाय.” फोन बंद झाला.

आठ दिवस फोन आला नाही. अकराला लाईट जायची, दीपमाला उंबऱ्यात बसायची, आणि तिला ती शांतता नकोशी व्हायची. आपण फार बोललो, असं तिला वाटे. पण चुकीचं बोललो, असं वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. “मामाला तुझं सगळं सांगून विचारलं. तो म्हणाला, जी पोरगी ऐकूनबी गप बसली, तिला आण. ती असंल तर ऐकतो.”

घरी वडलांना सगळं सांगून ती गेवराईला गेली. बाग फुलावर होती. बांधावर पाय ठेवताच मोसंबीच्या फुलांचा वास अंगावर आला. धोंडीराम मामा ठिबकची नळी सरळ करत होते. उंच, वाळलेला, हळू बोलणारा माणूस.

“बस पोरी,” ते म्हणाले. “लाव रे.”

जीवननं स्पीकर झाडाखाली ठेवला. गाणं सुरू झालं. दुसरं कडवं यायच्या जागी हशा आला, आणि मामांनी मान खाली घातली. उठणार, एवढ्यात दीपमाला म्हणाली, “मामा, इथं उठू नका. मागच्या खेपेलाबी तुमी इथंच निघून गेलात.”

ते थांबले. बाईचा आवाज आला. मग दुसरा. मग सगळं मैदान. मामांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. गाणं संपेस्तोवर ते हलले नाहीत.

“मी स्टेजच्या जिन्यापाशी होतो,” ते म्हणाले. “आवाज आला होता. मला वाटलं, हुर्यो उडवायलेत.” त्यांनी टोपीनं डोळे टिपले. “तीस वर्षं... लाव बरं पुन्हा.”

चार वेळा लावलं. पाचव्या वेळी मामाच म्हणाले, “टाक तुमच्या त्या ग्रुपवर. लोकांचं गाणं हाय, लोकांला देऊन टाक.” आणि पाणी सोडायला बागेत निघून गेले.

बसस्टँडवर ती बाकावर बसली होती, जीवन शेजारी उभा होता.

“रागावलो होतो,” तो म्हणाला. “खरं तर तुझ्यावर न्हाई. भ्यालो होतो.”

“मीबी भ्याले. आठ दिवस.”

“कशाला?”

“फोनच आला न्हाई तर...” तिनं वाक्य सोडून दिलं.

“दीपमाला, मला आडून बोलायला जमत न्हाई. तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तू डोळे मिटून ऐकत होतीस ना... तवापासून.”

तिचे कान तापले. समोर तिच्या वाटेची माजलगावची बस लागली, कंडक्टर ओरडू लागला. तिनं बसकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“ह्याच्यामागं दुसरी कधी हाय?”

“तासाभरानं.”

“मग ही जाऊ दे,” दीपमाला म्हणाली, आणि बाकावर सरकून तिनं त्याला जागा करून दिली.