साहेबांची लांबलेली सुट्टी

"अहो, ती कात्री माझी आहे."

"तुमची? वर्कशॉपची आहे ना?"

"डाव्या हाताची आहे. आणि इथे डावरी मी आहे."

त्याने उत्तरादाखल नुसता आपला डावा हात वर केला... आणि तिला हसूच फुटलं. किती दिवसांनी!

सोफे-खुर्च्या शिवायला शिकवणाऱ्या त्या वर्कशॉपमधला तिचा तो पहिलाच दिवस. वय पंचेचाळिशीच्या पुढे. विमा कंपनीत दावे तपासता तपासता अर्धं आयुष्य गेलेलं. शेवटी शेवटी तर नुसता फोन वाजला तरी छातीत धडधडायचं. एकदा मीटिंगमध्ये बोलता बोलता श्वासच अडकला, थेट हॉस्पिटल गाठावं लागलं. रिपोर्ट मात्र सगळे चांगले. "हा ताण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देते, पण नुसत्या गोळीने भागायचं नाही." तिने गोळी घेतली आणि राजीनामाही दिला. दादाने बोलणं टाकलं. आई म्हणाली, "खुर्चीत बसायचं सोडून खुर्च्या शिवणार तू?"

त्याचीही गत तीच. कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख, घटस्फोट झालेला, झोप पार उडालेली, शेवटी नोकरी सोडलेली. पहिल्याच दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला म्हणून मास्तर त्याला 'साहेब' म्हणाले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

खुर्चीच्या सांगाड्यावर तागाचे पट्टे ताणायला दोघं लागतात. एकाने ओढायचं, दुसऱ्याने खिळा ठोकायचा. मास्तरांनी दोन डावऱ्यांची जोडी लावून दिली.

"साहेब, ओढा ना जोरात!"

"ओढतोय... पण बघायचं कुठे? पट्ट्याकडे की—"

"पट्ट्याकडे."

"मग अवघड आहे."

हातोडी तिच्या अंगठ्यावर बसली. त्याने तो अंगठा दोन्ही हातांत धरला, आणि दुखायचं थांबल्यावरही सोडला नाही. बाहेर पावसाची भुरभुर, आत तागाचा आणि गोंदाचा वास. तिने हात काढून घेतला नाही.

कोर्स संपत आला तेव्हा दोघांनी मिळून एक छोटा गाळा घेतला.

"पाटीवर तुझं नाव आधी," तो म्हणाला.

"तुझं? एकदम अगं-तुगं?"

"बरं... तुमचं."

"नको, राहू दे. तुझंच छान वाटतं."

त्या रात्री ती गोळीशिवाय झोपली.

मग त्याच्या बहिणीच्या वाढदिवसाला तो तिला घेऊन गेला. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "काय रे, सध्या काय चाललंय?"

"काही नाही. लांबलेली सुट्टी."

"आणि या?"

"या... माझ्या क्लासमधल्या. छंद म्हणून शिकतोय आम्ही."

तिच्या हातातली बशी हातातच राहिली. जिन्यात आल्यावर तिने विचारलं, "छंद?"

"मग काय सांगू सगळ्यांना? खुर्च्या शिवतो म्हणून?"

"हो. तेच करतोस ना?"

तो कठड्याशी थांबला. "ऐक... कंपनीने परत बोलावलंय. दुसऱ्या शहरात, वरच्या जागेवर. मी हो म्हणालोय."

"हो कधी म्हणालास?"

"परवा."

"परवा आपण दुकानाचा रंग निवडत होतो."

"तेव्हाच सांगणार होतो. पण तू इतकी खुशीत होतीस..." तो तिच्याकडे वळला. "माझं प्रेम आहे गं तुझ्यावर. चल ना माझ्याबरोबर. तुझा अनुभव बघून तिथे कुणीही नोकरी देईल."

हे प्रेमाचं वाक्य ऐकायला ती किती महिने थांबली होती! आलं ते असं, नोकरीचं शेपूट लावून. छातीत धडधड सुरू झाली... तीच, ओळखीची. तिने भिंतीला हात टेकला.

"माझंही तुमच्यावर प्रेम आहे," ती म्हणाली. "पण तसल्या ऑफिसात मी परत गेले तर जगणार नाही."

"तुमच्यावर...?"

त्याने तिचा हात धरला. त्याच्या बोटांवर हातोडीचे घट्टे होते. फायलींच्या कामात जातील लवकरच, तिच्या मनात आलं, आणि ती पायऱ्या उतरू लागली. त्याने मागून दोनदा हाक मारली. मागे मात्र आला नाही.

दुकान तिने ठरल्या दिवशीच उघडलं. सकाळी गोळी घेऊन. पहिलंच काम आलं ते तीन सीटच्या सोफ्याचं, आणि तो काही एकटीच्याने उलटा होईना. शेवटी शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांना तिने हाक मारली.

काकांनी बाह्या सरसावल्या. "तुमचे पार्टनर नाही आले आज?"

"नाही. नोकरी लागली त्यांना."

"अरे वा! चांगलं झालं की!"

"हो ना," ती म्हणाली, आणि सोफ्याची आपली बाजू उचलली. "धरा हं काका... सांभाळून."