सतरावी ओळ

ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी मी इन्व्हर्टरची बॅटरी आणण्यासाठी जवळच्या कट्टा गावी गेलो होतो. काम साधे होते. बॅटरी रिक्षात घालून अकरापर्यंत मालवणला परतलो आणि ती जोडली. वीज गेली तरी संगणक चालू राहील, आता मी जागेवर असण्याचीही गरज नाही, या विचाराने मला समाधान वाटले. त्या समाधानाची आज लाज वाटते. आपण विचारलेत म्हणून सांगतो.

बंदराजवळच्या समुद्रतळाची मोजणी करण्याचे काम आमच्याकडे होते. आमची होडी सरळ रेषेत पुढे जाई. होडीच्या कडेला खांबावर बसवलेले यंत्र पाण्यात ध्वनी सोडी आणि तळावरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून खोली मोजी. अशा प्रत्येक फेरीला आम्ही ओळ म्हणत असू. एका ओळीची एक फाइल होई. ती उघडायची, तळाचे चित्र पडद्यावर उभे करायचे, मासळीच्या थव्यामुळे किंवा बुडबुड्यांमुळे आलेले खोटे बिंदू नजरेने ओळखून काढून टाकायचे आणि शेवटी आपल्या नावाने 'तपासले' असा शेरा मारायचा, हे माझे काम. एका ओळीला पाऊण तास लागे.

मी एक प्रोग्राम लिहिला. नवी फाइल आली की तो स्वतःच ती उघडी. आसपासच्या तळापेक्षा हातभर वर आलेला प्रत्येक बिंदू खोटा समजून गाळी, रंग भरी, चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावी. आणि शेवटी शेरा मारी. तपासले, गुरुदास.

शेरा म्हणजे साक्ष. जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याची साक्ष देऊ नये, हे मला लहानपणी घरात शिकवले होते. तरीही ती ओळ मी प्रोग्रामात लिहिली.

"गुरुदासदादा, तुमचो प्रोग्राम भारी हुशार," आमच्या होडीवरचा सुदेश म्हणाला. "आता त्याकाच दर्यात धाडा. आमी घरी बसतंव."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याच दिवसांत गावातला लवू तांडेल मासेमारीला एकटाच होडी घेऊन गेला आणि परतला नाही. गावाने चार दिवस शोध घेतला, मग तो थांबला. दहाव्या दिवशी त्याची बायको यशोदा आमच्या कार्यालयात आली. मासळीची रिकामी पाटी तिने दाराबाहेर ठेवली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दादानू, तुमच्या यंत्रात दर्याचो तळ दिसता म्हणान आयकलंय. आमच्या ह्येंची होडी खंय दिसली काय?"

मी पडद्याकडे बोट दाखवले. अडतीस ओळींचा तळ तिथे पसरला होता. निळा, गुळगुळीत, कोठेही उंचवटा नसलेला.

"होडी नाही," मी म्हणालो.

"देवळात कौल लावलो. देवान ना उजवो दिलो, ना डावो. म्हणान तुमच्याकडे इलंय." ती पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. "तुमी सगळा बघितलास मा? तुमच्या डोळ्यांनी?"

उत्तर एका शब्दाचे होते. 'नाही' म्हटले असते तर अडतीस ओळी पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या.

"पाहिले आहे," मी म्हणालो.

तिने हात जोडले. "मगे ते खंयतरी जिते आसतले. मी कुंकू पुसूचंय नाय."

ती पाटी उचलून गेली. त्या दिवसापासून ती दुपारी नवऱ्याचे पान वाढून ठेवी आणि संध्याकाळी ते अन्न कावळ्यांना घाली, असे सुदेशकडून कळले.

त्यानंतरच्या बुधवारी वारा सुटला आणि मोजणी बंद राहिली. भर दुपारची वेळ. वीज गेलेली, रस्ता ओस. नारळाच्या झावळ्या छपरावर घासत होत्या, तेवढाच आवाज. संगणकाने बारीक घंटा वाजवली. नवी फाइल आली होती. एकोणचाळिसावी ओळ.

मी सुदेशला फोन लावला.

"आज दर्यात कोण जातलो?" तो म्हणाला. "वारो बघतास मा? होडी किनाऱ्याक वडून ठेवलेली आसा. आणि यंत्र तर तुमच्याकडेच…"

यंत्र माझ्या पाठीमागच्या पेटीत होते. पेटीला कुलूप होते.

पडद्यावर चित्र उभे राहत होते. पण तो तळ नव्हता. लहान लहान लाटांसारखे काहीतरी, सतत हलणाऱ्या वस्तूचे चित्र घ्यावे तसे पुसट. सर्व ओळींपुढे माझ्या नावाचा शेरा होता. या एकीपुढे जागा कोरी होती. प्रोग्राम थांबून राहिला होता.

मी फाइल पुसली.

गुरुवारी, त्याच वेळी, ती फाइल पुन्हा आली. खोलीत ओल्या जाळ्याचा वास भरला. मी खिडकी लावली. वास बाहेरून येत नव्हता. मी रामरक्षा म्हणत फाइल पुसली. म्हणताना ओळी चुकलो. खोटे बोललेल्या तोंडाने स्तोत्र नीट येत नाही.

शुक्रवारी मी ती पुसली नाही. चित्र हळूहळू फिरवले, वरची बाजू खाली केली, आणि मला कळले. तो समुद्राचा पृष्ठभाग होता. खालून पाहिलेला. त्या पृष्ठभागावरून एक लांबट सावली सरळ रेषेत जात होती. होडीचा तळ. त्याच्या उजव्या कडेला पाण्यात उतरलेला एक खांब, आणि खांबाच्या टोकाला यंत्र.

आमची होडी. कोणीतरी तळाशी उताणे पडून, डोक्यावरून जाणारी आमची होडी पाहत होते.

चित्राच्या कोपऱ्यात जागेचे आकडे होते. ते सतराव्या ओळीचे होते. मी सतरावी फाइल काढली आणि गाळणी बंद केली. निळ्या तळावर बिंदूंचा पुंजका उभा राहिला. कुशीवर कलंडलेली होडी. तिच्या शेजारी, माणसाच्या लांबीचा, दुसरा पुंजका.

प्रोग्रामने दोन्ही खोटे ठरवले होते. खाली शेरा होता. तपासले, गुरुदास.

मी साहेबांना कळवले. कळवताना म्हणालो, "प्रोग्रामची चूक झाली." त्यांनी मान हलवली. प्रोग्रामला पाप लागत नाही, म्हणून सर्वांना ते सोयीचे असते.

पाणबुडे उतरले. होडी मिळाली. लवू मिळाला नाही. वाहून जाऊ नये म्हणून त्याने कमरेला बांधलेला दोर होडीला तसाच होता. त्याचे दुसरे टोक पाण्यात झिजून नुकतेच तुटलेले दिसले. "आठ दिवस आधी इलो असतंव तर गावलो असतो," पाणबुड्या म्हणाला. यशोदेला फक्त इतकेच कळले की यंत्राला आधी दिसले नाही, मग दिसले.

दर्भाचा देह करून अग्नी दिला. दहाव्या दिवशी किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ पानावर पिंड ठेवला. बायका सहसा तिथे येत नाहीत, पण यशोदा आली होती. मीही गेलो. ऊन चढत होते. सुरूवर वीस-पंचवीस कावळे होते आणि एकही खाली येत नव्हता.

लवूचा भाऊ मंगेश हात जोडून पुढे झाला. "दादा, वहिनीक मी सांभाळतंय. तुझ्या चेडवाची शाळा बंद करूचंय नाय… शिव रे बाबा."

कावळे बसून राहिले.

"आयशीक गोव्याक नेऊचंय नाय, हयच ठेवतंय…"

एक तास गेला. कोणीतरी दर्भाचा कावळा करा म्हणाले. तेव्हा मी पुढे आलो.

"मी पाहिले नव्हते," मी म्हणालो. "चूक प्रोग्रामची नव्हती. बाईंनी मला विचारले, डोळ्यांनी पाहिले का? मी पाहिले म्हणालो. मी एकही ओळ पाहिली नव्हती."

मंगेशच्या हाताच्या मुठी वळल्या. मी यशोदेकडे पाहिले. शिव्या येतील, निदान रडणे येईल, असे वाटले होते. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, समुद्राकडे पाहत होती. झाडावरचे कावळेही तिकडेच वळले होते. सगळे, एकाच वेळी.

"दादानू…" ती अगदी हळू म्हणाली. "वायच बाजूक सरा. त्येंका वाट सोडा."

मी सरलो. माझ्या डाव्या हाताला गारवा लागला आणि पुढे गेला. मी खाली वाळूकडे पाहत उभा राहिलो. त्या क्षणी मान वर करणे, एवढेच माझ्याकडे मागितले जात होते. माझ्याने ते झाले नाही.

"शिवलो…" मंगेशचा आवाज आला.

मी वर पाहिले. पान रिकामे होते. शिताचा कणही उरला नव्हता.

सुरूवर वीस-पंचवीस कावळे तसेच बसून होते. एकही खाली उतरला नव्हता.